अस्थींची मोजदाद

मराठी भाषेंत मनुष्याच्या धैर्याविषयीं बोलावयाचें झाल्यास आपण बहुधा त्याच्या धडाचीच साक्ष काढतों. कोणी ताठ कण्याचा, कोणी छातीचा, कोणी कंबर कसून कामास लागलेला. आणि दुष्काळांत सांपडलेल्या जनावराच्या बरगड्या मोजून घ्याव्या असें म्हणतांना आपण त्याच्या दैन्याचें मापच घेत असतों. परंतु ज्या कण्याचें व ज्या बरगड्यांचें नांव आपण इतक्या सहजपणें घेतों, त्या कण्यांत मणके किती व त्या बरगड्या किती, असा प्रश्न सुशिक्षित कुटुंबांतील दहा माणसांस केला तर त्यांतील दोघांस तरी बरोबर उत्तर देतां येईल कीं नाहीं, याची आम्हांस शंका आहे. यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. हा प्रश्न दिसतो तितका सोपा नव्हे; त्याचा बिनचूक निकाल लागण्यास मनुष्यजातीला दोन हजार वर्षांहून अधिक काळ लागला. तो काळ कसा गेला, मोजणाऱ्यांच्या हातीं कोणाचीं हाडें आलीं, आणि या विद्येचें ऋण कोणाकडे फेडावयाचें, हें सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. आमच्या यवतमाळ जिल्ह्याचा या गोष्टीशीं काय संबंध, तें ओघानें येईलच.

प्रथम आजचा हिशेब मांडूं. पाठीचा कणा ३३ मणक्यांचा: मानेंत ७, पाठींत १२, कमरेंत ५, त्याखालीं त्रिकास्थींत ५ आणि शेवटीं माकडहाडांत बहुधा ४. खालचे नऊ मणके वय वाढतें तसे आपसांत जुळून त्यांचीं दोनच हाडें होतात. म्हणून प्रौढ मनुष्याच्या कण्यांत निरनिराळीं हाडें २६ भरतात. पाठीच्या बारा मणक्यांस दोन्ही बाजूंनीं बरगड्यांच्या बारा जोड्या जडलेल्या आहेत. पहिल्या सात जोड्या कूर्चेच्या योगानें छातीच्या हाडास सरळ मिळतात. पुढच्या तीन आपल्या वरच्या बरगडीच्या कूर्चेचा आधार घेतात. शेवटच्या दोन पुढें कोठेंही न टेकतां मांसांत मोकळ्या राहतात. मानेच्या पहिल्या दोन मणक्यांची सांध सोडली तर खालीं त्रिकास्थीपर्यंत मणक्यामणक्यांत कूर्चेची एकेक चकती असते, अशा चकत्या २३. प्रत्येकीच्या मध्यभागीं मऊ गर असून भोंवतीं चिवट तंतूंचीं कडीं असतात. दिवसभराच्या भारानें त्या गरांतील पाणी थोडें थोडें निघून जातें, आणि मनुष्य रात्रीं निजतांना सकाळच्यापेक्षां सुमारें एक सेंटिमीटर ठेंगणा झालेला असतो. निजल्यावर ती उंची त्याला परत मिळते.

हा सांगाडा पेटीसारखा निश्चल नाहीं. बरगड्या मणक्यांशीं अशा बेतानें सांधलेल्या आहेत कीं, श्वास घेतांना खालच्या बरगड्या बादलीच्या कडीप्रमाणें बाजूंस उचलल्या जातात व वरच्या बरगड्या छातीचें हाड पुढें आणि वर नेतात. बरगड्यांमधील स्नायु व छाती आणि पोट यांमधील स्नायूचा पडदा हें काम अहोरात्र करीत असतात. पोटाच्या पुढच्या भिंतीला हाडाचा आधार मुळींच नाहीं. तेथें दोन्ही बाजूंस स्नायूंचे तीन थर एकावर एक असून प्रत्येकाचे तंतु निराळ्या दिशेनें गेलेले आहेत, आणि मध्यभागीं दोन उभे पट्टे आहेत. कोष्टी उभ्याआडव्या धाग्यांनीं वस्त्राला बळकटी आणतो, तसाच हा प्रकार. पाठीमागें कण्याच्या दोन्ही अंगांस खालपासून मानेपर्यंत गेलेले लांब स्नायु कण्याला सांवरून धरतात. नुकत्या जन्मलेल्या मुलाचा कणा धनुष्यासारखा एकच बांक घेतलेला असतो. मूल मान सांवरूं लागलें कीं मानेचा उलट बांक ठळक होतो, आणि उभें राहून चालूं लागलें कीं कमरेचा. मनुष्याचें ताठ उभें राहणें हें असें अर्धें जन्मानें मिळालेलें व अर्धें अभ्यासानें मिळविलेलें आहे.

आतां इतिहासाकडे वळूं. आपल्याकडील हाडांची सर्वांत जुनी गणती वैद्यांची नसून याज्ञिकांची आहे. शतपथ ब्राह्मणांत मनुष्याच्या अस्थि ३६० सांगितल्या असून त्यांची सांगड वर्षाच्या ३६० रात्रींशीं घातली आहे. शरीर हें संवत्सराचें प्रतिरूप, ही कल्पना भव्य आहे खरी. पण ती डोळ्यांनीं पाहून काढलेली संख्या नव्हे. चरकसंहितेनें ३६० हाच आंकडा कायम ठेविला, आणि तो भरून काढण्यासाठीं ३२ दांत, त्यांच्या ३२ खोबणी व २० नखें हींही अस्थींत धरलीं. सुश्रुताची परंपरा शल्यवैद्यांची. ज्यांस शस्त्र चालवावयाचें त्यांस हाड कोठें आहे हें नक्की ठाऊक असावें लागतें. म्हणून सुश्रुतसंहितेंत स्पष्ट सांगितलें आहे कीं, वेदवादी ३६० अस्थि मानतात, परंतु शल्यतंत्रांत त्या ३०० च आहेत. ज्या समाजांत वेदवचन हें अंतिम प्रमाण, त्या समाजांत एका वैद्यानें आपल्या व्यवसायाच्या आधारावर त्या संख्येंतून साठ हाडें वजा करावीं, ही गोष्ट आम्हांस त्या ग्रंथांतील कोणत्याही शस्त्रक्रियेइतकीच धैर्याची वाटते.

हें धैर्य आलें कोठून, तें त्याच ग्रंथांतील शवच्छेदनाच्या प्रकरणावरून कळतें. विषानें न मेलेल्या, दीर्घ रोगानें न झिजलेल्या, अतिवृद्ध नसलेल्या मनुष्याचें प्रेत घ्यावें. आंतड्यांतील मळ काढून टाकावा. मुंज, कुश, ताग अथवा झाडाच्या साली यांनीं तें गुंडाळून पिंजऱ्यांत ठेवावें व आडजागीं वाहत्या पाण्यांत बुडवावें. सात रात्रींनीं चांगलें कुजलें म्हणजे बाहेर काढून वाळा, केस, बांबू इत्यादिकांच्या कुंच्यानें हळूहळू घांसावें, आणि त्वचेपासून आरंभ करून एकेक थर सुटेल तसतसें आंतबाहेरचें प्रत्येक अंग डोळ्यांनीं पाहावें. शास्त्रांत वाचलेलें व डोळ्यांनीं पाहिलेलें, या दोहोंचा मेळ बसला तरच ज्ञान वाढतें, असा या प्रकरणाचा अभिप्राय आहे. प्रेताचा स्पर्श जेथें विटाळाचा, तेथें विद्यार्थ्यांस नदीकांठीं बसवून हें करावयास लावणारे गुरु कोणत्या धातूचे असतील, याची कल्पना वाचकांनींच करावी.

तथापि कुंच्याच्या या रीतीचा परिणाम मोजणीवर झालाच असावा. मांस गळून गेल्यावर हाड आणि कूर्चा हीं दोन्ही पांढरीं व कठीण अशीं शेजारीं शेजारीं उरतात, आणि त्यांतील भेद ओळखणें अवघड होतें. धडापुरतेंच पाहिलें तर सुश्रुतानें तेथील अस्थि ११७ धरिल्या आहेत: श्रोणींत ५, प्रत्येक कुशींत ३६ याप्रमाणें ७२, पाठींत ३०, छातींत ८, आणि आणखी २. एका कुशींत ३६ बरगड्या हें वाचून आधुनिक वाचक हंसेल. पण त्यानें हंसण्याची घाई करूं नये. चरकानें याच ७२ चा तपशील दिला आहे: दोन्ही कुशींच्या मिळून बरगड्या २४, त्यांचीं बसण्याचीं स्थानें २४, आणि त्या स्थानांशीं निगडित उंचवटे २४. म्हणजे बरगड्यांची खरी संख्या, एका बाजूस बारा, ही त्यांच्या हातांस बरोबर लागली होती. बरगडी मणक्यास जेथें सांधली जाते तेथील भाग निराळे धरल्यामुळें बेरीज फुगली, इतकेंच. रुडॉल्फ हर्न्ले या पंडितानें १९०७ सालीं प्राचीन भारतीय अस्थिगणनेवर ग्रंथ लिहून हा हिशेब आंकडेवार तपासला, आणि या याद्यांच्या मुळाशीं प्रत्यक्ष निरीक्षण आहे हें दाखविलें. प्रौढ मनुष्याच्या अस्थि आज २०६ मानतात. तान्ह्या मुलाच्या शरीरांत, जोडल्या जावयाच्या हाडांचे तुकडे अजून सुटे असल्यामुळें, त्या याहून पुष्कळ अधिक असतात.

पुढें काय झालें? सुश्रुताच्या मागून कांहीं शतकांनीं वाग्भटानें दोन्ही संप्रदायांचें सार एकत्र केलें. त्याच्या अष्टांगहृदयांत दांत व नखें धरून पुन्हा ३६० हाडें आलीं, आणि धन्वंतरीच्या मतें तीं ३०० आहेत हें जोडीला नमूद झालें. हीं दोन मतें समोर असतां प्रेत पाहून निर्णय करण्याचा मार्ग सुश्रुतानें सांगून ठेविलेला होता. परंतु तो मार्ग पुढील पिढ्यांनीं चोखाळला नाहीं. ग्रंथ पाठ होत राहिले, त्यांवर टीका होत राहिल्या. हात मात्र प्रेताला लागेनासा झाला. कोणत्याही विद्येंत दोन संख्यांमधील वाद मोजून न मिटवितां दोन्ही संख्या आदरानें जपून ठेवण्याची वेळ आली, कीं ती विद्या तेथेंच थांबली असें समजावें.

हा दोष केवळ आपलाच होता असें मात्र नव्हे. युरोपांत ग्रीक वैद्य गॅलेन यानें दुसऱ्या शतकांत जें लिहून ठेविलें, तें पुढें तेरा शतकें प्रमाण मानलें गेलें. आणि गॅलेननें शवच्छेदन केलें होतें तें मुख्यतः वानरांचें व इतर जनावरांचें. त्यामुळें मनुष्याच्या छातीचें हाड सात तुकड्यांचें, असें तेथील विद्यार्थी घोकीत असत. अध्यापक उंच आसनावरून गॅलेन वाची आणि खालीं न्हावी प्रेत फाडी. समोरचें हाड ग्रंथाशीं जुळलें नाहीं तर दोष हाडाचा! अंद्रेआस व्हेसालियस हा तरुण अध्यापक आसनावरून खालीं उतरला, त्यानें शस्त्र स्वतःच्या हातीं घेतलें, आणि १५४३ सालीं, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीं, आपला थोर ग्रंथ प्रसिद्ध केला. मनुष्याच्या छातीच्या हाडाचे भाग तीनच आहेत हें त्यानें दाखविलें. देवानें पहिल्या पुरुषाच्या बरगडीपासून स्त्री निर्माण केली, म्हणून पुरुषाची एक बरगडी कमी असते, ही लोकांची समजूतही त्यानें खोडून काढिली. स्त्री असो वा पुरुष, बरगड्या दोन्ही बाजूंस बारा बाराच.

आपल्याकडे तुटलेला धागा पुन्हा जुळला तो १८३६ सालीं, कलकत्त्यास. ज्या पंडित मधुसूदन गुप्तांनीं तेथील वैद्यकीय महाविद्यालयांत मनुष्याच्या प्रेतावर शस्त्र चालविलें, त्यांनींच त्या सुमारास सुश्रुतसंहिता संशोधून छापली होती. सुश्रुताचा ग्रंथ मुद्रित करणारा हात व सुश्रुताची आज्ञा पाळणारा हात एकच होता, हा योग आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. महाराष्ट्रांत मुंबईचें ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालीं सुरू झालें. पुढें कीर्तीस चढलेले डॉ. भाऊ दाजी लाड हे १८५१ सालीं उत्तीर्ण झालेल्या त्याच्या पहिल्या तुकडींतील. १८६१ सालीं त्याच महाविद्यालयांत मराठी व गुजराती भाषांतून वैद्यक शिकविणारे वर्ग निघाले, आणि मणका, बरगडी, माकडहाड या घरगुती शब्दांस शास्त्राच्या वर्गांत प्रवेश मिळाला. विसाव्या शतकांत यादवजी त्रिकमजी आचार्यांनीं निर्णयसागर छापखान्यासाठीं सुश्रुत व चरक या दोन्ही संहिता शुद्ध करून दिल्या. काशी हिंदु विश्वविद्यालयांत शिकविणारे भास्कर गोविंद घाणेकर यांनीं सुश्रुताच्या शारीरस्थानावर हिंदींत टीका लिहून जुन्या व नव्या शारीरशास्त्राची सांगड घातली.

येथवरचा इतिहास विद्वानांचा झाला. परंतु त्यांच्यासमोर जें प्रेत होतें तें कोणाचें, हा प्रश्न ग्रंथकार सहसा विचारीत नाहींत. व्हेसालियसनें विद्यार्थिदशेंत पहिला सांगाडा मिळविला तो लूव्हें गांवाबाहेरील वधस्तंभावरून, फांशी गेलेल्या एका गुन्हेगाराचा. १८२८ सालीं एडिंबरा शहरांत बर्क आणि हेअर या दोघांनीं शवच्छेदनाच्या शाळेला प्रेतें विकण्यासाठीं सोळा माणसें मारिलीं. बर्कला फांशी झाली, त्याचेंही शवच्छेदन झालें, आणि त्याचा सांगाडा त्या विश्वविद्यालयाच्या संग्रहांत आजही उभा आहे. यावर उपाय म्हणून इंग्लंडनें १८३२ सालीं कायदा केला. त्यायोगें अनाथगृहांत मेलेल्या बेवारशी गरिबांचीं प्रेतें शिक्षणासाठीं देण्यांत येऊं लागलीं. मुंबई प्रांताचा १९४९ सालचा शारीरशास्त्रविषयक कायदाही रुग्णालयांत मेलेल्या, कोणी हक्क न सांगितलेल्या प्रेतांचाच होता. शिवाय कलकत्त्याहून मनुष्याच्या सांगाड्यांचा व्यापार चालत असे. १९८५ सालीं सरकारनें ती निर्यात बंद करीपर्यंत अमेरिका व युरोप येथील कित्येक विद्यार्थी भारतांतील निनांवी मृतांच्या हाडांवरच मणके मोजावयास शिकले. सुश्रुताच्या नदीपासून एडिंबऱ्यापर्यंत हा क्रम एकच दिसतो: ज्याच्यामागें रडणारें कोणी नाहीं, त्याच्या देहावर ही विद्या उभी राहिली.

आतां यवतमाळची गोष्ट. ग्रँट मेडिकल कॉलेज निघालें तेव्हां वऱ्हाड निजामाच्या राज्यांत होता. तो १८५३ सालीं इंग्रजांच्या कारभाराखालीं आला, आणि पुढें या भागाचा जो जिल्हा झाला त्याला १९०५ पर्यंत वणी जिल्हा म्हणत. नागपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ सालीं झालें. यवतमाळला तें १९८९ सालीं निघालें, आणि आज तें श्री वसंतराव नाईकांच्या नांवानें चालतें. वसंतराव या जिल्ह्याचेच. पुसदजवळील गहुली गांवीं १९१३ सालीं त्यांचा जन्म झाला, आणि १९६३ पासून १९७५ पर्यंत ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्यांच्या कारकीर्दींतील एक कायदा आमच्या विषयाशीं जवळचा आहे. १९६९ सालीं माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठीं जो कायदा झाला, त्यानें मंडळें स्थापून ओझें वाहणाऱ्यांच्या रोजगाराची नोंद, मजुरी, भविष्यनिर्वाह निधि व औषधोपचार यांची व्यवस्था करण्याचा मार्ग घालून दिला. माथाडी म्हणजे माथ्यावर ओझें वाहणारा. आणि माथ्यावरचें ओझें मानेच्या सात मणक्यांतून, पाठीच्या बारांतून, कमरेच्या पांचांवर येऊन पडतें.

हें ओझें किती, तेंही विज्ञानानें मोजलें आहे. आल्फ नाकेमसन या स्वीडिश शल्यवैद्यानें १९६० नंतरच्या दशकांत जिवंत माणसांच्या कमरेच्या चकतींत सुई घालून आंतील दाब पाहिला. उभें असतां जो दाब असतो तो पुढें वाकल्यावर सुमारें दीडपट होतो, आणि वाकून हातांत वीस किलो धरले तर दुपटीहून अधिक. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेनें १९६७ सालीं प्रौढ पुरुषानें उचलावयाचें ओझें ५५ किलोंहून जास्त नसावें अशी शिफारस केली. आपल्या कित्येक बाजारांत शंभर किलोंचें पोतें एकट्याच्या पाठीवर देण्याची रीत होती.

यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. सीतादहीचा नैवेद्य झाला कीं वेचणीस आरंभ होतो, आणि मग आठवड्यामागून आठवडे बाया कमरेला ओटी बांधून, कमरेंतून वाकून, बोंडाबोंडांतून कापूस काढीत असतात. ओटी भरत जाते तसा पुढचा भार वाढतो, आणि तो तोलून धरण्याचें काम पाठीच्या त्या उभ्या स्नायूंकडे येतें. पुरुषांच्या पाठीवर फवारणीचा पंप असतो. २०१७ सालच्या हंगामांत या जिल्ह्यांत कीटकनाशकांच्या विषबाधेनें वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. विष श्वासावाटे व कातडीवाटे शरीरांत शिरतें, आणि पाठीवरचा पंप गळूं लागला तर तें सरळ पाठीवरच उतरतें. त्या वेळच्या पुष्कळ रुग्णांवर याच वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत उपचार झाले. ज्या इमारतींत विद्यार्थी मृत मनुष्याचे मणके मोजावयास शिकतो, तिच्याच शेजारच्या खाटांवर मणके झिजविणारीं जिवंत माणसें येऊन पडतात. हा शेजार विद्यार्थ्याच्या मनांत ठसला तर त्याचें शिक्षण पुरें झालें असें आम्ही म्हणूं.

ऋण फेडण्याचा मार्ग आपल्या पुराणांनीं फार पूर्वींच सुचविला आहे. वृत्राच्या वधासाठीं दधीचि ऋषीनें आपल्या अस्थि देवांस देऊन टाकिल्या, ही कथा घराघरांत ठाऊक आहे. तींतील मर्म हें कीं, त्या अस्थि कोणी चोरल्या नाहींत, विकत घेतल्या नाहींत, बेवारशी म्हणून उचलल्या नाहींत. दात्यानें त्या जाणून बुजून दिल्या. या जिल्ह्याला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यांतील कडोळी गांवीं जन्मलेले नानाजी देशमुख २०१० सालीं वारले, तेव्हां त्यांच्या इच्छेप्रमाणें त्यांचा देह दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेस शिक्षणासाठीं देण्यांत आला. २०१९ सालीं देशांतील वैद्यकीय शिक्षणाचा अभ्यासक्रम नव्यानें आंखतांना शवच्छेदनगृहांतील मृत देह हा विद्यार्थ्याचा पहिला गुरु होय, हा पाठ त्यांत घातला गेला. दोन हजार वर्षांत प्रथमच त्या मेजावरील देहाला गुरुपद मिळालें, आणि तें योग्यच झालें.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं डॉक्टर आहे किंवा होऊं घातला आहे, त्यांनीं या गोष्टीचा एकवार विचार करावा अशी आमची विनंती आहे. त्या मुलानें मुलीनें कण्याचे तेहतीस मणके व बरगड्यांच्या बारा जोड्या ज्या देहावरून ओळखल्या, तो आजवर बहुधा अशाच मनुष्याचा होता ज्याला शेवटीं खांदा द्यावयास कोणी आलें नाहीं. सुखवस्तु घरांनीं विद्या घ्यावी आणि देह मात्र सदैव दरिद्र्यांनींच द्यावा, ही वांटणी न्यायाची नाहीं. देहदानाचा एक साधा अर्ज भरून ती थोडीफार बदलतां येते. आपल्या अस्थि किती, हें ज्यांस या लेखानें कळलें, त्यांनीं त्या कोणाच्या उपयोगीं पडाव्या हेंही जिवंतपणींच ठरवून ठेवावें.